प्रेडनिसोलोन सुरू होतंय, पण त्याच्यामागून काय येणार आहे?

अल्सरेटिव्ह कोलायटिसचा (मोठ्या आतड्याच्या अस्तराला सूज आणि व्रण येण्याचा आजार) जोर वाढलेल्या माणसाला प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड दिलं की आठवड्याभरात फरक दिसतो. दिवसातून दहा वेळा रक्त-शेम पडत होतं ते तीन-चारवर येतं, मुरडा बसतो, भूक लागते, रात्री उठून संडासला पळावं लागत नाही. एवढ्या लवकर मेसालामिन (आतड्याची सूज उतरवणारं, स्टिरॉइड नसलेलं औषध) काम करत नाही, अझाथायोप्रिन (प्रतिकारशक्तीला आवर घालणारं औषध) तर नाहीच नाही. त्यामुळे पेशंटचा आणि घरच्यांचा सगळा विश्वास या एका गोळीवर बसतो, आणि घोळाला तिथूनच सुरुवात होते. चार महिन्यांनी पुन्हा रक्त दिसलं की जुना केसपेपर घेऊन मेडिकलमध्ये जायचं आणि तीच गोळी आणायची.

स्टिरॉइड आतड्याची सूज उतरवतं, ती उतरलेली ठेवत नाही, हे काही नवं ज्ञान नाही. ऑक्सफर्डच्या ट्रूलव्ह आणि विट्स यांनी १९५५ साली कॉर्टिसोन या स्टिरॉइडची २१० पेशंटांवरची चाचणी प्रसिद्ध केली. सहा आठवड्यांनी कॉर्टिसोन घेतलेल्यांपैकी ४१ टक्के लोकांचा आजार शांत झाला होता, न घेतलेल्यांपैकी १६ टक्के लोकांचा. तीव्र झटक्यात पूर्वी माणसं दगावत, ते प्रमाणही खाली आलं. स्टिरॉइडचं हे श्रेय कुणी नाकारत नाही. पण पुढे आजार शांत झाल्यावर स्टिरॉइड चालू ठेवून पाहिलं तेव्हा हाती काही लागलं नाही. १९६५ च्या एका ब्रिटिश चाचणीत रोज १५ मिलिग्रॅम प्रेडनिसोन घेणाऱ्यांचा आणि नुसती साखरेची गोळी घेणाऱ्यांचा आजार सारख्याच प्रमाणात उलटला. क्रोन्सबद्दल (पचनमार्गाच्या कुठल्याही भागात होऊ शकणारा असाच सुजेचा आजार) १९७९ च्या मोठ्या अमेरिकन अभ्यासाने तेच सांगितलं: झटक्यात उपयोग होतो, पुढे राखण होत नाही. तरीही ‘रोज ५ मिलिग्रॅम चालू ठेवा, बंद केलं की त्रास होतो’ असं लिहिलेल्या फायली आजही दिसतात.

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातल्या ओल्मस्टेड काउंटीत पेशंटांचा माग ठेवून जे आकडे २००१ साली आले, ते पहिली गोळी घेण्याआधी प्रत्येकाने पाहावेत. कोलायटिसमध्ये स्टिरॉइड सुरू केल्यावर महिन्याभरात ५४ टक्के लोक पूर्ण शांत, ३० टक्के अर्धेमुर्धे, १६ टक्क्यांना उपयोग नाही. हे चित्र छानच. एका वर्षाने मात्र जेमतेम निम्मे लोक स्टिरॉइडशिवाय ठीक होते, २२ टक्के स्टिरॉइडवर अवलंबून झाले होते आणि २९ टक्क्यांचं ऑपरेशन झालं होतं. क्रोन्समध्ये वर्षाअखेर ठीक असलेले फक्त ३२ टक्के. हे आकडे बायोलॉजिक औषधं (प्रतिकारशक्तीच्या नेमक्या दुव्यावर काम करणारी इंजेक्शनं) हाताशी नसतानाच्या काळातले आहेत, आज ऑपरेशनं इतकी होत नाहीत. पण फरक पडला तो नंतरच्या औषधांमुळे, स्टिरॉइड होतं तिथेच आहे.

बरं वाटणं आणि आतडं बरं होणं

क्रोन्समध्ये या दोन गोष्टींत केवढं अंतर असतं ते फ्रेंच डॉक्टरांच्या गटाने १९९० साली दाखवलं. वजनाच्या प्रत्येक किलोमागे १ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन देऊन सात आठवड्यांत ९२ टक्के लोकांची लक्षणं गेली. त्यांची पुन्हा कोलोनोस्कोपी केली तेव्हा आतून भरून आलेलं आतडं फक्त २९ टक्क्यांचं होतं. बाकीच्यांचे व्रण जागेवरच होते, ओरड तेवढी थांबली होती. म्हणून ‘आता काही त्रास नाही’ या वाक्यावर क्रोन्सचा उपचार ठरवू नये. शौचातलं कॅलप्रोटेक्टिन (आतड्याची सूज दाखवणारं प्रथिन) तपासावं, आणि गरज पडेल तिथे पुन्हा आत पाहावं.

काही प्रकारांत तर स्टिरॉइडला करण्यासारखं काम नसतंच. क्रोन्समुळे आतडं आकसून तिथे घट्ट व्रणपेशी तयार झाल्या असतील, तर ती जागा स्टिरॉइडने सैल होत नाही. अशा जागेसाठी फुगा घालून ती रुंदावणं किंवा ऑपरेशन हेच मार्ग. गुदद्वाराजवळचा फिस्तुला (आतून बाहेर पडलेली नळीसारखी वाट) स्टिरॉइडने भरत नाही. पोटात पू साठला असेल तर स्टिरॉइड उलट घातक, आधी पू काढायचा. मुलांमध्ये उंची खुंटते, त्यामुळे क्रोन्स असलेल्या मुलाला सहा ते आठ आठवडे फक्त द्रवरूप पोषणाहारावर ठेवण्याचा मार्ग आधी पाहतात. तो अवघड आहे, घरातल्या सगळ्यांचा कस लागतो, पण सूज उतरवण्यात तो स्टिरॉइडच्या तोडीचा आहे आणि आतडंही भरून आणतो.

आजार फक्त गुदाशयात, शेवटच्या दहा-पंधरा सेंटिमीटरमध्ये असेल, तर तोंडाने स्टिरॉइड घेण्याआधी रोज रात्री १ ग्रॅम मेसालामिनची सपोझिटरी (गुदद्वारातून आत सरकवायची गोळी) नीट वापरून झाली आहे का, हे पाहा. खालून औषध घ्यायचा आपल्याकडे इतका संकोच असतो की लोक महिनोन्‌महिने स्टिरॉइडने आलेला गोल चेहरा घेऊन फिरतील, पण सपोझिटरी नको म्हणतील.

सुरू करण्याआधी

पाश्चात्त्य पुस्तकांत जे ओझरतं येतं ते आपल्याकडे पहिल्या पानावर हवं. छोट्या आणि मोठ्या आतड्याच्या सांध्यापाशी व्रण असतील, तर ते क्रोन्सचे की टीबीचे हे पुष्कळदा कोलोनोस्कोपी करूनही ठरत नाही. बायोप्सीत जंतू सापडतीलच असं नाही, जीनएक्सपर्ट ही टीबीच्या जंतूचे जनुक शोधणारी तपासणीही आतड्याच्या तुकड्यात अनेकदा निगेटिव्ह येते. ताप, पोटात पाणी, छातीच्या एक्स-रेमध्ये डाग असे काही असेल तर पारडं टीबीकडे झुकतं. गुदद्वाराचा फिस्तुला, आतड्यात लांबच लांब उभे व्रण, मधेमधे निरोगी पट्टे हे क्रोन्सकडे. टीबीला क्रोन्स समजून स्टिरॉइड दिलं तर सुरुवातीला बरं वाटतं आणि मग टीबी शरीरभर पसरू शकतो.

निदान अडलं तर आधी एकेटी (टीबीवरची औषधं) देतात. पण इथे एक अट पाळावी लागते: दोन महिन्यांनी पुन्हा कोलोनोस्कोपी. टीबी असेल तर तोपर्यंत व्रण भरत आलेले दिसतात. नुसतं ‘थोडं बरं वाटतंय’ यावर भरवसा ठेवता येत नाही, कारण क्रोन्सच्या काही पेशंटांनाही एकेटीवर तात्पुरतं बरं वाटतं. दोन महिन्यांची तपासणी चुकवून सहा-नऊ महिने एकेटी चालू ठेवली आणि आजार क्रोन्स निघाला, तर मधल्या काळात आतडं आकसलेलं सापडतं. आणखी एक खाचखळगा म्हणजे एकेटीतलं रिफाम्पिसिन. ते प्रेडनिसोलोन यकृतात झपाट्याने संपवतं. दोन्ही एकदम चालू असतील तर नेहमीचा डोस अपुरा पडतो, आणि ‘स्टिरॉइड लागूच पडत नाही’ असा चुकीचा निष्कर्ष निघतो.

रक्ती आव हे दुसरं प्रकरण. अमिबाने होणारी मोठ्या आतड्याची सूज हुबेहूब कोलायटिससारखी दिसू शकते, आणि तिच्यात स्टिरॉइड पडलं तर आतडं फुटण्यापर्यंत वेळ येते. त्यामुळे शौचाची तपासणी आणि बायोप्सी यांना फाटा देऊ नये. शौचातच क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल या जंतूचं विष पाहायचं, विशेषतः अलीकडे अँटिबायोटिकचा कोर्स झाला असेल तर. अनवाणी शेतात काम करणाऱ्यांच्या पोटात स्ट्राँगिलॉइडिस नावाचा जंत वर्षानुवर्षं मुकाट राहिलेला असू शकतो. स्टिरॉइडच्या आडोशाला तो सगळ्या शरीरात पसरतो. शंका असेल तर आधी आयव्हरमेक्टिन देऊन टाकतात. बरोबर एचबीएसएजी (हेपटायटिस बीची रक्त तपासणी), छातीचा एक्स-रे, साखर, आणि पुढे बायोलॉजिक लागण्याची शक्यता असेल तर टीबीची लपलेली लागण पाहणारी तपासणी. हेपटायटिस बी, न्यूमोनिया, फ्लूच्या लशी जमल्या तर याच वेळी. जिवंत जंतूंच्या लशी स्टिरॉइडचा मोठा डोस चालू असताना घ्यायच्या नाहीत.

डोस, आणि उतरणीचा वेग

प्रौढाला साधारण ४० मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन, सकाळी नाश्त्यानंतर एकदम. संध्याकाळी घेतलं तर रात्रभर छताकडे पाहत पडायची तयारी ठेवा. ‘जास्त दिलं तर लवकर बरं होईल’ हा हिशेब चालत नाही. १९६२ सालीच २०, ४० आणि ६० मिलिग्रॅमची तुलना झाली होती. ४० हे २० पेक्षा सरस ठरलं, ६० ने जास्त मिळाला तो त्रासच.

दोन आठवडे पूर्ण डोसवर राहून स्पष्ट सुधारणा नसेल, तर तोच डोस पुढे ढकलत बसण्यापेक्षा पुढचं औषध ठरवावं. सुधारणा असेल तर दर आठवड्याला ५ मिलिग्रॅमने खाली. शेवटच्या टप्प्यात काही डॉक्टर अडीच-अडीचने उतरवतात. एकूण आठ-दहा आठवड्यांत गोळी संपली पाहिजे. तारखांसकट वेळापत्रक कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवा, कारण ४०, २०, १० आणि ५ च्या पट्ट्या एका डब्यात आल्या की हमखास चूक होते.

चिठ्ठीवर नाव बदललं की लोकांना वाटतं औषध बदललं. ५ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन म्हणजे ४ मिलिग्रॅम मिथाइलप्रेडनिसोलोन, ६ मिलिग्रॅम डेफ्लाझाकॉर्ट, २० मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोन किंवा पाऊण मिलिग्रॅम डेक्सामेथासोन. म्हणजे ‘मी स्टिरॉइड सोडलं, आता डेफ्लाझाकॉर्ट ३० घेतो’ असं कुणी म्हणालं तर तो २५ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोनवरच आहे. आणि ज्या बिननावाच्या पुडीने वर्षानुवर्षांचा आजार चार दिवसांत थांबतो, तिच्यात यांपैकीच काहीतरी असण्याची दाट शंका घ्यावी.

ब्युडेसोनाइड हे स्टिरॉइड खरंच वेगळं आहे. ते आतड्याच्या अस्तरावर काम करतं आणि यकृतातून पहिल्याच फेरीत त्याचा मोठा भाग निकामी होतो, म्हणून अंगभर त्रास कमी. पण जागा जुळली पाहिजे. छोट्या आतड्याच्या शेवटी सुटणारी कॅप्सूल क्रोन्ससाठी, मोठ्या आतड्यात हळूहळू सुटणारी एमएमएक्स गोळी कोलायटिससाठी. दोन्हींचा डोस रोज ९ मिलिग्रॅम, साधारण आठ आठवडे. सौम्य ते मध्यम आजारापुरतंच त्याचं बळ. राखणीचं औषध तेही नाही.

१५ वर आलं की परत रक्त

उतरणीचा हा नेहमीचा अडथळा. ३० पर्यंत सगळं सुरळीत, १५ किंवा १० ला पुन्हा शेम, मग परत २० वर चढायचं, पुन्हा उतरायचं. स्टिरॉइड सुरू केल्यापासून तीन महिन्यांत १० मिलिग्रॅमच्या खाली येता आलं नाही, किंवा बंद केल्यावर तीन महिन्यांच्या आत आजार उलटला, तर त्याला स्टिरॉइडवर अवलंबित्व म्हणतात. वर्षात दोन कोर्स लागले तरी उपचाराची आखणी बदलण्याची वेळ आली असं समजायचं. यात पेशंटच्या निर्धाराचा काही प्रश्न नसतो.

आखणी बदलण्याआधी साधी कारणं तपासून घ्यावीत. मेसालामिन खरंच चालू आहे का आणि पुरेसं आहे का? जोर असताना ४ ग्रॅमच्या आसपास लागतं. बरं वाटल्यावर लोक ते आधी सोडतात, कारण गोळ्या मोठ्या आणि पुष्कळ असतात. दुसरं कारण फारसं कुणाच्या लक्षात येत नाही. स्टिरॉइड उतरताना सांधे आणि स्नायू दुखतात, म्हणून माणूस मेडिकलमधून डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन आणतो, त्याने आतडं बिघडतं, आणि दोष डोस कमी केल्याला जातो. दुखलं तर पॅरासिटामॉल. तिसरं, रक्त नाही, कॅलप्रोटेक्टिन नॉर्मल, पण संडासला चार वेळा जावं लागतं, असं असेल तर तो आयबीएसचा (आतड्यात सूज नसताना होणारा पोटाचा त्रास) भाग असू शकतो. त्यावर स्टिरॉइड चढवणं निव्वळ नुकसान.

ही कारणं नसतील तर दुसरं औषध लागणारच, आणि ते उतरण सुरू होण्याआधी पोटात गेलेलं असायला हवं. अझाथायोप्रिनचा परिणाम दिसायला दोन ते तीन महिने लागतात. ते १० मिलिग्रॅमवर आल्यावर सुरू केलं तर उपयोग होईपर्यंत आजार उलटलेलाच असतो. डोस वजनाच्या प्रत्येक किलोमागे २ ते २.५ मिलिग्रॅम, पण सुरुवात ५० ने. भारतीयांमध्ये एनयूडीटी-१५ या जनुकातला फरक महत्त्वाचा, कारण तो असलेल्यांच्या पांढऱ्या पेशी एकदम कोसळतात. सुरुवातीच्या आठवड्यांत अचानक मूठ-मूठ केस गळायला लागले तर त्याच दिवशी रक्त तपासा. जनुकाची तपासणी परवडत नसेल तर पहिला महिना दर आठवड्याला सीबीसी (रक्तपेशींची मोजणी). युरिक ॲसिडसाठी ॲलोप्युरिनॉल किंवा फेबुक्सोस्टॅट चालू असेल तर ते आधीच सांगा, ही जोडी धोक्याची आहे.

त्यापुढे बायोलॉजिक औषधं: इन्फ्लिक्सिमॅब (किलोमागे ५ मिलिग्रॅम, शून्य, दोन आणि सहा आठवड्यांना, मग दर आठ आठवड्यांनी), अडालिमुमॅब, वेडोलिझुमॅब. महाग आहेत, पण भारतीय बायोसिमिलरमुळे (मूळ औषधाशी जवळपास हुबेहूब जुळणारी औषधं) काहींच्या किमती उतरल्या. कोलायटिससाठी टोफासिटिनिबच्या भारतीय गोळ्या त्याहून पुष्कळ स्वस्त. त्यात नागिणीचा धोका वाढतो, आणि आधी रक्ताची गुठळी होऊन गेली असेल तर जपून.

दवाखान्यातले तीन दिवस

दिवसाला सहा किंवा जास्त रक्ताचे जुलाब, आणि त्याबरोबर नाडी ९० च्या वर, ताप १०० फॅरनहाइटच्या वर, हिमोग्लोबिन १०.५ च्या खाली किंवा ईएसआर (सूज दाखवणारी रक्त तपासणी) ३० च्या वर, यांपैकी एक जरी असेल तरी घरी गोळ्या घेत बसू नये. हा तीव्र झटका आहे. भरती होऊन शिरेतून हायड्रोकॉर्टिसोन १०० मिलिग्रॅम दिवसातून चारदा, पोटाचा एक्स-रे, पहिल्या दिवशी गुदाशयातून दुर्बिणीने बायोप्सी (सीएमव्ही विषाणू पाहायला), आणि गुठळी टाळण्यासाठी हेपारिनची इंजेक्शनं. रक्त पडत असताना रक्त पातळ करायचं इंजेक्शन का, असं नातेवाईक विचारतात. या आजारात गुठळीचा धोका रक्तस्रावाच्या धोक्यापेक्षा मोठा असतो, म्हणून.

इथेही तीनातल्या साधारण एकाला स्टिरॉइड पुरत नाही, आणि ते तिसऱ्या दिवशीच ओळखता येतं. ऑक्सफर्डच्याच १९९६ च्या अभ्यासात तिसऱ्या दिवशी आठपेक्षा जास्त जुलाब, किंवा तीन ते आठ जुलाब आणि सीआरपी (रक्तातलं सूज दाखवणारं प्रथिन) ४५ च्या वर असलेल्यांपैकी ८५ टक्क्यांचं मोठं आतडं त्याच भरतीत काढावं लागलं. आता त्या दिवशी इन्फ्लिक्सिमॅब किंवा सायक्लोस्पोरिन सुरू करतात. लुधियानातल्या एका चाचणीत (प्रसिद्धी २०२४) स्टिरॉइडबरोबर पहिल्यापासून सात दिवस टोफासिटिनिब दिलं, तेव्हा सातव्या दिवशी ८३ टक्के लोकांना उतार पडला, नुसत्या स्टिरॉइडवर ५९ टक्क्यांना. ‘अजून दोन-चार दिवस इंजेक्शनं बघू’ यात वाया गेलेला आठवडा ऑपरेशन टेबलवर महाग पडतो, कारण तोवर पेशंटचं अल्ब्युमिन (रक्तातलं प्रथिन) आणि ताकद दोन्ही गेलेली असते. सर्जनला दहाव्या दिवशी बोलावू नये, पहिल्या-दुसऱ्या दिवशीच पेशंट दाखवून ठेवावा.

अंगावर काय येतं

गोल चेहरा, मुरुमं, वाढलेलं वजन आरशात दिसतं. न दिसणारं जास्त नडतं. सकाळी घेतलेल्या डोसने साखर दुपारी-संध्याकाळी चढते, पहाटेपर्यंत उतरते. फक्त उपाशीपोटीची साखर तपासली तर रिपोर्ट नॉर्मल येतो आणि दुपारी चारला २८० असते. जेवणानंतर दोन तासांची आणि रात्रीच्या जेवणाआधीची साखर पाहा. हाडांची झीज पहिल्या काही महिन्यांतच सर्वांत वेगाने होते, म्हणून कॅल्शियम (आहार धरून रोज १००० ते १२०० मिलिग्रॅम) आणि व्हिटॅमिन डी पहिल्या दिवसापासून. जांघेत दुखून मांडी घालता येईनाशी झाली तर एक्स-रे नॉर्मल आला तरी थांबू नका, खुब्याचा एमआरआय करा. खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटलेला सुरुवातीला एक्स-रेत दिसत नाही. कोर्स वारंवार झाले असतील तर मोतीबिंदू आणि डोळ्याच्या दाबासाठी वर्षातून एकदा डोळे दाखवा. आणि स्टिरॉइड पोटदुखी झाकतं: आतडं फुटलं तरी पोट दगडासारखं होईलच असं नाही. मोठ्या डोसवरच्या माणसाला नुसती धडधड आणि पोटफुगी असली तरी सोनोग्राफीवर न थांबता सीटी स्कॅन करावा.

तीन-चार आठवड्यांपेक्षा जास्त स्टिरॉइड घेतलं की मूत्रपिंडावरच्या ॲड्रिनल ग्रंथी आळसावतात. शरीराचं स्वतःचं कॉर्टिसोल बंद होतं, म्हणून गोळी एकदम सोडायची नाही. ५ मिलिग्रॅमच्या खाली येताना प्रचंड थकवा, मळमळ, उभं राहिल्यावर चक्कर असं झालं तर सकाळी आठचं कॉर्टिसोल तपासतात. त्या आधी चोवीस तास गोळी घ्यायची नाही, नाहीतर औषधच रिपोर्टमध्ये कॉर्टिसोल म्हणून मोजलं जातं. आकडा १० मायक्रोग्रॅमच्या वर असेल तर ग्रंथी जाग्या झाल्या, ५ च्या खाली असेल तर गोळी चालू ठेवावी लागते. मधल्या काळात मोठा ताप आला आणि रोजचा डोस १० च्या खाली असेल, तर तो सहसा ५-५ मिलिग्रॅम दोन वेळा असा तात्पुरता वाढवतात. तुमच्यासाठी किती, हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या. उलट्यांमुळे गोळी पोटात राहत नसेल तर कॅज्युअल्टीत गेल्या गेल्या ‘स्टिरॉइडवर आहे’ हे सांगा, हायड्रोकॉर्टिसोन १०० मिलिग्रॅमचं इंजेक्शन लागतं. दात काढणं असो वा हाड बसवणं, भूल देणाऱ्या डॉक्टरांनाही हे सांगायचं, कोर्स संपून वर्ष झालं नसेल तरीही.